रेक्स मेला, रीव्ह आला, मग फरक काय पडला?

प्रश्न (कोपरखैरण्याहून): दादा, 'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेमचे तिन्ही भाग संपवले. माझ्या खेळात रेक्स हा साथीदार पहिल्याच भागात मेला, मित्राच्या खेळात तो शेवटपर्यंत होता. तरी तिसऱ्या भागात टुचांका ग्रहावरचं मिशन दोघांनाही तेच मिळालं, फक्त माझ्याकडे रेक्सच्या जागी त्याचा भाऊ रीव्ह. मित्र म्हणतो, आपण खेळताना घेतलेले निर्णय वगैरे सगळा देखावा असतो, गोष्ट कंपनीने आधीच ठरवलेली असते. हे खरं आहे का? आता 'ड्रॅगन एज' हा गेम सुरू करतोय. निर्णयांवर डोकं खपवावं, की समोर येईल ते बटण दाबत सुटावं?

उत्तर:

तुझा मित्र निम्मा बरोबर आहे. गोष्ट कंपनीने ठरवलेली असतेच, न ठरवता गेम बाजारात येत नाही. पण त्यावरून तो थेट 'म्हणून सगळा देखावा' इथे पोचला, ती उडी चुकली. का चुकली ते सांगतो. त्यात 'मास इफेक्ट' आणि 'विचर'मधल्या बऱ्याच गोष्टी फुटतील. 'ड्रॅगन एज'च्या बाबतीत मात्र तोंड आवरून बोलेन, तुझा खेळायचा आहे.

मी राहतो ठाण्यात आणि ऐरोलीला नोकरीला लागलो त्याला आता सोळा वर्षं झाली. पहिली सात वर्षं गेम तपासणारा टेस्टर होतो, पुढे क्वेस्ट, म्हणजे खेळातल्या मोहिमा, लिहायला लागलो. सुरुवातीला वाशीच्या ऑफिसातही काही महिने काढले, त्यामुळे ट्रान्स-हार्बरची गाडी पाठ आहे. ठाण्याहून सुटलेली गाडी तुर्भ्यापर्यंत एकाच वाटेने जाते. तिथून एक फाटा सानपाडा करत वाशीला, दुसरा जुईनगर, नेरुळ करत पनवेलकडे. चढताना इंडिकेटर बघितला नाही आणि डोळा लागला, की वाशीचा माणूस नेरुळला जागा होतो. मीही झालोय. हा खरा फाटा, चुकलास की चुकलास. गेममधला फाटा बहुतेक वेळा असा नसतो. रूळ फुटतात, दोन-तीन स्टेशनं वेगळी लागतात आणि मग गुपचूप पुन्हा जुळतात. तू सांगतोस मी वाशीवरून आलो, मित्र सांगतो मी नेरुळवरून, आणि दोघं उतरता पनवेललाच.

याला आळस म्हणू नकोस, हिशेब बघ. दहा निर्णय, प्रत्येकाला दोनच पर्याय, एवढ्यात १,०२४ वेगवेगळी जगं होतात. वीस निर्णय केलेस तर १०,४८,५७६. प्रत्येक जगाला स्वतःचे संवाद, त्यांचं रेकॉर्डिंग, चेहऱ्यांचं ॲनिमेशन, आणि ते तपासायला माझ्यासारखी माणसं. वर पुढच्या भागाचे कितीतरी गिऱ्हाईक असे, ज्यांनी आधीचा भाग खेळलेलाच नसतो. त्यामुळे लेखक रूळ जुळवणारच. जुळवले की नाही हा प्रश्नच नाही. दोन जुळण्यांच्या मधल्या स्टेशनांवर खरंच काही होतं का, हा प्रश्न आहे.

हे ओळखायला माझी एक साधी कसोटी आहे. कुठलंही दृश्य बघितलं की मी विचारतो, हे किती जणांना कधीच दिसणार नाही? पैसे खर्चून, नट आणून, महिनाभर राबून बनवलेली गोष्ट निम्म्याहून जास्त खेळाडूंच्या नजरेस पडणार नाही, हे माहीत असूनही कंपनीने ती बनवली, तर तिथे परिणाम खरा आहे. सगळ्यांना दिसणारं दृश्य आणि त्यात फक्त एक वाक्य बदललेलं, तर तो आहेर नव्हे, नुसतं हळदीकुंकू.

आता तुझ्या टुचांकाकडे येतो, कारण तुझ्या लक्षात न आलेली गंमत तिथेच आहे.

गडकरी रंगायतनला नाटकाला गेल्यावर कधी पडदा उघडायच्या आधी घोषणा होते, अमुक भूमिकेत आज अमुकऐवजी अमुक. नाटक तेच, संवाद तेच, रिप्लेसमेंटवाला पाठ करून आलेला. 'मास इफेक्ट' ही असल्या रिप्लेसमेंटची सगळ्यात मोठी यादी आहे. रेक्स मेला तर रीव्ह. सॅलेरियन वंशाचा डॉक्टर मॉर्डिन दुसऱ्या भागाच्या शेवटच्या मोहिमेत गेला तर त्याच्या जागी पॅडॉक विक्स नावाचा दुसरा सॅलेरियन. गेथ नावाच्या विचार करणाऱ्या यंत्रांपैकी लीजन नसेल तर त्याच्या आवाजात बोलणारं एक बिनमनाचं गेथ यंत्र. तुझ्या मित्राला हेच दिसलं: खुर्ची तीच, बसणारा बदलला. पण त्याने नाटक एकदाच बघितलं, तेही मूळ संचातलं. रिप्लेसमेंट उभी राहिली की समोरचे नट वेगळे वागतात, हे दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय कळत नाही.

जेनोफेज, म्हणजे रेक्सच्या क्रोगन वंशाची मुलं जगू न देणारा रोग, बरा करायचा की दगा द्यायचा, हा तिथला निर्णय. रेक्स जिवंत असताना दगा दिलास तर त्याला पुढे ते कळतं, तो सिटाडेल या अवकाशस्थानकावर तुझ्या अंगावर येतो आणि तुझा जुना दोस्त तुझ्यासमोर मरतो. रीव्हला कधीच कळत नाही. तेवढं त्याचं डोकं नाही आणि तुझ्यावर तेवढा जीवही नाही. हा एक फरक. दुसरा आणखी बारीक. दुसऱ्या भागात मॉर्डिनबरोबर त्याच्या जुन्या शिष्याला, मेलनला, शोधायला गेला होतास. त्याच्या प्रयोगांची माहिती ठेवायची की पुसून टाकायची असं विचारलं होतं. ती पुसली असेल तर तिसऱ्या भागात ईव्ह, रोगावरच्या उपायासाठी लागणारी क्रोगन बाई, जगत नाही. आता ईव्ह नाही, रेक्स नाही, क्रोगनांचा म्होरक्या म्हणजे युद्धाची खुमखुमी असलेला रीव्ह. या आणि याच जुळणीत मॉर्डिनला तू पटवू शकतोस की बाबा रे, यांना बरं करू नकोस. आणि तो माघारी फिरतो. जगतो. बाकी सगळ्यांच्या खेळात तो एक तर रोगावरचा उपाय पसरवणाऱ्या मनोऱ्यावर चढतो आणि परत येत नाही, नाहीतर तुझ्या गोळीने पडतो.

म्हणजे २००७ सालच्या गेममधलं एक भांडण आणि २०१० सालच्या गेममधलं एक बटण मिळून २०१२ सालच्या गेममधल्या तिसऱ्याच माणसाचा जीव वाचवतात. तेही खेळाडूने दोन्ही वेळा 'वाईट' मानला जाणारा रस्ता धरला असेल तरच. किती जणांना हे दिसलं असेल? फार थोड्यांना. कुणीतरी बसून हे लिहिलं, नटाने आवाज दिला, टेस्टरने ती जुळणी मुद्दाम तयार करून तपासली. एक टेस्टर म्हणून सांगतो, त्या माणसाला माझा दंडवत.

रॅनॉक ग्रहावर तेच, फक्त तिथे आकडेमोड लपवलेली आहे. क्वेरियन वंश आणि त्यांनीच बनवलेले गेथ यांच्यात समेट होऊ शकतो का, याची गेम पडद्याआड गुणांनी बेरीज करतो. दुसऱ्या भागात टाली या क्वेरियन साथीदारावरचा खटला कसा निकाली निघाला, गेथांच्या फुटीर गटाचं काय केलंस, टाली आणि लीजनच्या भांडणात तोल सांभाळलास का, तिसऱ्यात कुणाला वाचवलंस. बेरीज भरली तर समेटाचा पर्याय उमटतो, नाही भरली तर उमटतच नाही. आणि जुना सेव्ह, म्हणजे आधीच्या भागाचा साठवलेला खेळ, न आणता थेट तिसरा भाग सुरू केलास तर काहीही कर, समेट नाही. आधीचे भाग न खेळणाऱ्याला मिळणारं जग एकूणच कंगाल असतं, त्यात रेक्सही मेलेलाच. माझा अंदाज असा की हे मुद्दाम केलंय. जुन्या गिऱ्हाइकाला आपण काहीतरी कमावून आणलं असं वाटायला नको का?

या कमाईची नोंद कशी राहते, ते सांगायचा मोह होतोय. आपल्याकडे लग्नात दाराशी एक काका वही घेऊन बसतात. अमुक यांच्याकडून पाचशे एक, तमुक यांच्याकडून स्टीलचा डबा. दहा वर्षांनी त्या घरी कार्य निघालं की आई कपाटातून ती वही काढते. सेव्ह इम्पोर्ट म्हणजे ही आहेराची वही. गेम तुझी सगळी गोष्ट लक्षात ठेवत नाही, वहीत लिहिलेल्या ओळी लक्षात ठेवतो. पाच वर्षांनी काय विचारलं जाणार हे आज ओळखून ती ओळ आजच लिहावी लागते. काकांनी लिहिलं नाही तर तू सोन्याची अंगठी घातली असलीस तरी नाही.

माझ्या हाताखालून गेलेली एक गोष्ट. परदेशातल्या एका स्टुडिओचा गेम होता, नाव सांगत नाही. दुसऱ्या भागात पहिल्याचा सेव्ह घ्यायचा होता आणि मी त्याची एक्सेल धरून बसलो होतो, दोनशेच्या वर ओळी. 'गावाला धान्य दिलं का', 'सराईवालीचं कर्ज फेडलं का', 'नावाडी जिवंत आहे का'. पुढच्या रकान्यात शून्य, एक, दोन. रात्री साडेदहाला मी दुसऱ्या भागातल्या एका लग्नात उभा होतो आणि नवरीच्या बापाच्या जागी तो नावाडी उभा. आधीच्या भागात तो माझ्याच सेव्हमध्ये बुडून मेला होता. मी तीनदा सेव्ह तपासला. निघालं असं, की तू त्याच्या नावेत बसलास आणि तुझ्यासमोर तो बुडाला, तरच वहीत 'मेला' लागत होतं. तू नावेत बसायला नकार दिलास तर तो एकटा जाऊन बुडायचा, गावकरी येऊन तसं सांगायचे, पण वहीत लिहायला कुणी नाही. रकाना कोरा. कोरा म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे जिवंत. पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आमच्याकडे उलटं, मेल्याचा दाखला नाही म्हणून माणूस जिवंत. मी बग टाकला. वरून उत्तर आलं, वेळ नाही, नावाड्याच्या तोंडी एक वाक्य घाला की मी पोहून निघालो. तसाच तो गेम बाजारात गेला. मला अजून त्याची चीड आहे.

मोठ्यांकडेही हे होतं. 'मास इफेक्ट'मधला कॉनराड व्हर्नर आठव, खेळाचा नायक शेपर्ड, त्याच्या नावाने वेडा झालेला तो चाहता. पहिल्या भागात त्याला गोडीत समजावणारे खेळाडूही दुसऱ्या भागात त्याला भेटले, तर तो म्हणतो, तू माझ्या तोंडावर पिस्तूल रोखलं होतंस. वही चुकीची वाचली गेली. तिसऱ्या भागात लेखकांनी कॉनराडलाच त्याबद्दल माफी मागायला लावली. बग बुजवायचा असेल तर असा, हसत आणि कबूल करून.

आता तुझ्या मित्राच्या बाजूनेही बोलतो, कारण त्याच्याकडे पुरावे कमी नाहीत. पहिल्या भागात राक्नी नावाच्या कीटकवंशाच्या राणीला मारायचं की सोडायचं, यावर मी खुर्चीत मागे रेलून पाच मिनिटं विचार केला होता. एका अख्ख्या वंशाचा प्रश्न! तिसऱ्या भागात कळतं, मारलेली असली तरी शत्रूने तिच्या जागी दुसरी बनवलेली आहे आणि मिशन आहे तिथेच आहे. माणसांचा प्रतिनिधी म्हणून अँडरसनला आकाशगंगेच्या कौन्सिलवर बसवलं होतंस? तिसऱ्यात तिथे युडिनाच. दुसऱ्याच्या शेवटी कलेक्टर नावाच्या शत्रूंचा तळ उडवायचा की ठेवायचा हा केवढा मोठा प्रसंग, आणि पुढे त्याचं झालं काय, तर युद्धसामग्रीच्या यादीत काही आकडे इकडचे तिकडे. 'ड्रॅगन एज'मध्येही पहिल्या भागात तुझ्या हातून मरू शकणारी एक बाई पुढच्या भागांत ठणठणीत हजर होते. कोण ते बघशीलच.

याहून पक्के चोर वेगळेच. 'एल्डर स्क्रोल्स'मध्ये १९९६ च्या 'डॅगरफॉल'ला अनेक शेवट होते. त्यातला खरा कुठला हे ठरवायची वेळ पुढच्या भागावर आली तेव्हा त्यांनी सांगितलं, काळच फाटला होता, सगळे शेवट एकदम झाले. २००३ च्या 'डेअस एक्स: इनव्हिजिबल वॉर'नेही आधीच्या भागाचे तिन्ही शेवट असेच एकत्र कालवले. हुशारी आहे, नाही म्हणत नाही. पण कुणालाच दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांना तोच प्रसाद.

वरची यादी नीट बघ. फसलेले निर्णय कुठले? वंश, सत्ता, तळ, राज्य. मोठमोठे. टिकलेले कुठले? एक दोस्त, एक डॉक्टर, एक खटला. सत्ता बदलली तर सगळा नकाशाच पुन्हा बनवावा लागतो, तो खर्च कुणी करत नाही. माणूस मेला तर एक चेहरा आणि त्याचे संवाद बदलतात, तेवढं झेपतं. म्हणून या मालिकांमध्ये परिणाम शोधायचा असेल तर तो माणसांमध्ये शोध. 'मास इफेक्ट'च्या तिसऱ्या भागाच्या शेवटावरून जो गदारोळ झाला, तीन शेवटांत फरक जवळपास रंगाचाच, लाल, निळा, हिरवा, आणि जून २०१२ मध्ये कंपनीला फुकट वाढीव शेवट द्यावा लागला, त्याचं मूळही इथेच असं मला वाटतं. शंभर तास माणसांचा हिशेब ठेवला आणि शेवटच्या दहा मिनिटांत प्रश्न विचारला तो आकाशगंगेचा. वही उघडलीच नाही.

खरा फाटा हवा असेल तर 'विचर २' खेळ, २०११ चा. पहिल्या अंकाच्या शेवटी सैनिक रोशची बाजू घ्यायची की बंडखोर एल्फ आयॉर्वेथची, एवढंच ठरवायचं, आणि दुसरा अंक अख्खा वेगळा होतो. एका वाटेवर तू ड्वार्फांच्या व्हर्गेन गावात, दुसऱ्या वाटेवर त्याच लढाईत समोरच्या राजाच्या छावणीत. माणसं, कामं सगळं निराळं. एकदाच खेळणाऱ्याला यातलं निम्मं दिसत नाही, तरी त्यांनी बनवलं. माझ्या कसोटीवर यापेक्षा जास्त मार्क मी कुणाला दिलेले नाहीत. आणि बघ, हाच स्टुडिओ २०१५ ला 'विचर ३' आणतो तेव्हा काय करतो? नायक गेराल्टची दाढी चालू असताना एक अधिकारी पाच प्रश्न विचारतो, जुना सेव्ह आणला नसेल तर तेवढीच मागच्या भागाची वही. आयॉर्वेथ तर तिसऱ्या भागात दिसतच नाही. राजांचा खुनी लेथो, त्याला जिवंत सोडलं असेल तर तो मात्र भेटतो, आणि पुढे काएर मॉर्हेन किल्ल्यावरच्या लढाईत तुझ्या बाजूने उभाही राहतो. पुन्हा बघ, अख्खी बाजू गळाली आणि एक माणूस उरला.

रविवारी नौपाड्यात एका मित्राकडे आम्ही पाच जण फासे घेऊन बसतो, कागदावरचा खेळ, कॉम्प्युटर नाही. गोष्ट मी चालवतो. तिथे एका खेळाडूने एका खेड्यातल्या देवळाची घंटा चोरली होती, विकून घोडा घ्यायला. मी ते लाइटबिलाच्या मागे टिपून ठेवलं. दोन वर्षांनी ती मंडळी त्याच खेड्यात परतली, नदीला पूर आला आणि गावाला उठवायला घंटाच नाही. घंटा चोरणारी ती खेळाडू दहा मिनिटं कुणाशी बोलली नाही. असा परिणाम कुठल्याही स्टुडिओला परवडत नाही, मला परवडला, कारण तो बघणारे पाचच जण होते. ऐरोलीत मी जे लिहितो त्यात मला ही घंटा कधी आणता आलेली नाही.

राहिला तुझा 'ड्रॅगन एज'. पहिला २००९, दुसरा २०११, तिसरा, 'इन्क्विझिशन', २०१४. तिसऱ्याच्या वेळी यंत्रांची पिढी बदलली, जुने सेव्ह नव्यात जाईनात, म्हणून त्यांनी 'ड्रॅगन एज कीप' नावाची वेबसाइट काढली. मागच्या भागांत काय काय केलं ते तिथे खुणा करून भरायचं आणि ते जग तिसऱ्यात न्यायचं. सेव्ह हरवला म्हणून घाबरू नकोस, पण तू स्वतः काय केलंस ते लक्षात ठेव, एखाद्या जुन्या डायरीत दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

पहिल्या भागात शेवटाकडे सरदारांची एक सभा भरते. तिथे दोन माणसांचं काय करायचं हे बरंचसं तुझ्या हातात असतं. तिसऱ्या भागात एका भयाण जागी तुझ्यासोबत दोघं जण असतात आणि एकाला मागे सोडून यावं लागतं. त्यातला एक म्हणजे दुसऱ्या भागाचा नायक, म्हणजे तूच. दुसरा कोण असेल ते त्या सभेवर ठरतं. तिघांपैकी एक. तिघांतला एक असा आहे की त्याच्याशी तुझं फारसं देणंघेणं नाही, तो समोर आला तर तू अर्ध्या मिनिटात निवड करून मोकळा होशील. बाकी दोघांपैकी कुणी आला तर मी सांगतो, गेम पॉझ करून पाणी प्यायला उठशील. दृश्य तेच आहे, जागा तीच, राक्षस तोच. तुझा मित्र ज्याला देखावा म्हणतो तो हाच.

चौथ्याकडून, २०२४ च्या 'व्हेलगार्ड'कडून, आशा ठेवू नकोस. तिथे मागच्या जगाबद्दल मोजून तीन प्रश्न विचारतात आणि तिन्ही 'इन्क्विझिशन'चे. पहिल्या दोन भागांची वही उघडतच नाहीत. गेम म्हणून खेळ, वारस म्हणून नको.

बाकी एवढंच कर. निर्णय बिघडला की मागचा सेव्ह लोड करायची सवय सोड, निदान पहिल्या खेपेला. २००७ च्या पहिल्या 'विचर'ने यावर छान उपाय केला होता. नदीकाठच्या पेट्या बंडखोर एल्फांना दिल्यास, तर त्याचे भोग अनेक तासांनी येतात, एक कामाचा माणूस मेलेला सापडतो, आणि तोवर इतकं मागे जायची तुझी इच्छाच उरलेली नसते. 'ड्रॅगन एज' तेवढा कडक नाही, तिथे हात तुलाच आवरावा लागेल. विकी उघडून 'सगळ्यात चांगला शेवट' शोधत खेळू नकोस, तसं खेळलास की सगळे जण तेच एक जग खेळतात आणि मग मित्राचं म्हणणं खरं ठरतं.

आणि आज रात्री एक काम कर. तुझा दुसऱ्या भागाचा सेव्ह उघड आणि बघ, मेलनची माहिती ठेवली होतीस की पुसली होतीस. रेक्स तर तुझ्याकडे नव्हताच. पुसली असशील तर ईव्हही नसणार, आणि मॉर्डिन त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा असताना तुझ्या पडद्यावर एक जास्तीचा पर्याय उमटू शकला असता, जो तुझ्या मित्राला कधीच दिसला नाही. तू तेव्हा काय दाबलंस?